बाबाजींचं तत्त्वाचं शिबिर

बाबाजी पालयेकरांनी केरीच्या शिबिराला विरोध केला तो निव्वळ तत्त्वाचा प्रश्न म्हणून. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, आणि ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना सगळ्यात आधी सांगितलं. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पाव विकायला येणारा पोदेर हा त्यातला पहिला. उंडे पिशवीत टाकता टाकता बिचाऱ्याने "कसलो कॅम्प?" एवढंच विचारलं, आणि त्याला पावाच्या टोपलीसकट गेटात उभं राहून मूल्यशिक्षणाची आजची दुरवस्था ऐकावी लागली. दुसऱ्या दिवसापासून तो उंडे गेटाच्या खिळ्याला अडकवून भोंगा पुढच्या घराशी वाजवू लागला.

झालं होतं ते इतकंच. बाबाजींची नात तनया पर्वरीला आईबापांजवळ राहायची आणि दरवर्षी मे महिना लागला की कोरगावला आजोबांकडे यायची. यंदा मुलाचा, म्हणजे गौरेशचा, फोन आला. "बाबा, तनया हे खेपेक केरीच्या कॅम्पाक जाता. फादर चलयतत तो. तिची मैत्रीण मारिसा जाता म्हणान हिकाय जावचां आसा. कॅम्प सोपलो काय आमी सगळी बंगळूर जातली, संजनाच्या भावाकडे." म्हणजे मे महिना सुनेच्या माहेरच्यांकडे आटोपला. बाबाजींनी "बरां" म्हणून फोन ठेवला आणि पुढचा अर्धा दिवस ते बंद फोनशी भांडत बसले.

नात परदेशी गेली असती तर गोष्ट वेगळी होती. ही केरीला जाणार होती, एकाच तालुक्यात, एका बसच्या अंतरावर. तिथे उठणार, जेवणार, झोपणार आणि कोरगावला येणार नाही. लांबच्या माणसाची वाट बघण्यात एक शान असते. हाकेच्या अंतरावरच्या माणसाची वाट बघणं हा सरळ सरळ पाणउतारा आहे, असं बाबाजींचं मत पडलं.

त्यांचं घर मोठं होतं. पत्नी प्रभावतीबाई गेल्यापासून त्या घरात आवाज करणाऱ्या गोष्टी दोनच उरल्या होत्या, मिक्सर आणि बाबाजी; आणि त्यातला मिक्सर बाबाजींना लावता येत नव्हता. आपण एकटे आहोत असं ते कधी म्हणत नसत. त्यांच्या मते ते निवृत्त होते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढल्या, त्याला एकटेपणासारखी गोष्ट कुठल्या सदरात घालायची हेच कळत नव्हतं.

तेव्हा त्यांनी शिबिराचं माहितीपत्रक अभ्यासासाठी मागवलं. गौरेशने ते मोबाईलवर पाठवलं. बाबाजींनी चष्मा पुसला, लाल पेन हाताशी घेतलं आणि वाचायला बसले. शिबिराचा उद्देश: मुलांना काही दिवस मोबाईलपासून दूर, एकमेकांजवळ आणि देवाजवळ राहता यावं. मूल्यं: प्रेम, सेवा, क्षमा, कृतज्ञता, साधेपणा, स्वावलंबन. कोणत्याही धर्माच्या मुलांचं स्वागत, प्रार्थनेला बसायची सक्ती नाही. बाबाजींनी ते एकदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग उभं राहून वाचलं. आक्षेप घ्यावा असं त्यात काही सापडेना. असा निर्दोष कागद नोकरीत त्यांच्यासमोर कधी आला नव्हता आणि आला असता तर त्यांनी तो संशयावरून परत पाठवला असता.

"भाऊ, मी सांगतंय तां आयका," शेजारच्या मालतीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "थय गेल्यार पोरां बदलतत."

"बदलतत? कशी बदलतत?" बाबाजींनी आशेने विचारलं.

"आमच्या नणंदेचो झील गेल्ल्या वर्सा गेल्लो. घरा आयलो, आणि सकाळी उठान आपली चादर आपणच घडी केल्यान. मागीर आवशीक विचारल्यान, 'आई, तू थकलंस काय?' ती बिचारी भियेली. तेका दाक्तराकडे व्हरूक भायर सरली."

बाबाजींना हा पुरावा आपल्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा हे ठरवता येईना. मात्र त्याच क्षणी त्यांनी निर्णय घेतला, की कोरगावात, वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात, आपणच एक शिबिर काढायचं. मुलांना वळण लावायला केरीला कशाला जायला हवं? अस्सल, घरचं, आपल्या मातीतलं शिबिर काढलं तर गौरेशलाही आपली चूक कळेल आणि तो मुलीला योग्य ठिकाणी आणून सोडेल. यात नातीला जवळ आणण्याचा काही संबंध नव्हता. प्रश्न तत्त्वाचा होता, आणि ते तत्त्व योगायोगाने त्यांच्या घरापासून पाच मिनिटांवर भरणार होतं.

पहिली अडचण मूल्यांचीच आली. बाबाजी कागद घेऊन बसले तर चांगली चांगली मूल्यं केरीवाल्यांनी आधीच घेऊन ठेवलेली. प्रेम गेलं, सेवा गेली, क्षमा गेली. उचलून तीच लिहिणं त्यांच्या स्वाभिमानात बसेना. फार विचार केल्यावर तीन शिल्लक सापडली: वक्तशीरपणा, टापटीप आणि वडीलधाऱ्यांचा मान. तिसरं लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.

दुसरी अडचण सर्वेश. सर्वेश हा वाड्याचा पंच, पंचायतीवर निवडून आलेला, वयाने तरुण, आणि गावात कुठलीही गोष्ट व्हायची असेल तर आधी तिचा फ्लेक्स झाला पाहिजे अशा श्रद्धेचा. "काका, तुमी फक्त हा म्हणा. फ्लेक्स माझो," असं म्हणून तो म्हापशाला गेला. फ्लेक्सवाल्याला नमुना म्हणून त्याने केरीचं माहितीपत्रक दाखवलं. चित्र तसंच ठेवा आणि अक्षरं तेवढी बदला, असं सांगून हा चहाला गेला. तिठ्यावर जो फ्लेक्स लागला त्यावर निळा समुद्र होता, सुरूची झाडं होती, होडीत बसलेली मुलं हसत होती, आणि खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोत हसू नये ही सूचना आयुष्यभर पाळलेले बाबाजी होते.

कोरगावच्या त्या वाड्यावर समुद्र नाही. शेतं आहेत, काजूची झाडं आहेत, एक तळी आहे आणि तिच्यात म्हशी असतात. पण फ्लेक्स बघून आया धडाधड नावं नोंदवायला आल्या. "पोरांक दर्यार कितक्या वाजतां व्हरतलास?" पहिलीने विचारलं. दर्यावर नेणार नाही, असं बाबाजींनी सांगितलं. "मग फ्लेक्सार दर्या कित्याक?" बाबाजी म्हणाले, तो प्रतीकात्मक आहे. "आणि होडी?" तीही प्रतीकात्मक. "म्हणजे पोरां काय करतली?" बाबाजींनी वक्तशीरपणा, टापटीप आणि तिसरं मूल्य समजावून सांगितलं. बाई शांतपणे ऐकून घेऊन गेली आणि वाटेत भेटलेल्या बाकीच्या आयांनाही परत घेऊन गेली.

याच धामधुमीत तनयाचा फोन आला. बाबाजी तेव्हा तिठ्यावर फ्लेक्सची सुटलेली दोरी एका हाताने धरून उभे होते आणि देवस्थान समितीची माणसं देवळात त्यांची वाट बघत होती.

"आजो, उद्यां मी कॅम्पाक जातां. थय फोन काढून घेतत. म्हणान आतां विचारतां." ती जरा घुटमळली. "मी डॅडीक सांगतां, कॅम्प सोपल्यार माका बंगळूर नाका. मी तुज्याकडे येतां. येव?"

बाबाजींनी हो म्हणायला तोंड उघडलं. पण समोर सर्वेश उभा होता, डोक्यावर स्वतःचा फोटो फडफडत होता, आणि गेला आठवडाभर ज्यांना ज्यांना तत्त्व ऐकवलं होतं ते सगळे त्या क्षणी मनासमोर येऊन बसले. "माका वेळ ना गो," ते म्हणाले. "माझां शिबिर आसा. हय लोक खोळंबल्यात."

त्यांना वाटलं, ती हट्ट करेल. नाही नाही म्हणत आपण मग कबूल करू, असा त्यांचा बेत होता. लहानपणी ती एका आइस्क्रीमसाठी म्हापशाचा अख्खा बाजार गोळा करायची. पण मुली मोठ्या होतात तेव्हा आजोबांना कळवून होत नाहीत. "बरां आजो," एवढंच ती म्हणाली आणि फोन बंद झाला. बाबाजींनी आणखी तीनदा "हॅलो" म्हटलं. शेवटचं हॅलो सर्वेशलासुद्धा ऐकवलं नाही, आणि तो दोरी बांधायला उगाच खांबावर चढला.

समितीपुढे विषय निघाला तो दुपारपर्यंत पुरला. एकाचं म्हणणं, मंडप द्यायला हरकत नाही, पण दुपारी देवाच्या विश्रांतीची वेळ असते, तेव्हा मुलांनी बोलू नये. दुसरा म्हणाला, फरशी नवी आहे, मुलांनी धावू नये. तिसऱ्याने सुचवलं की मुलांनी शक्यतो येऊ नये आणि शिबिर मात्र व्हावं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते एकाच मुद्द्यावर: आपण कोण देणारे? देवाला विचारूया. कौल घेऊया.

कौलाला गुरव शांताराम बसला. बाबाजींचा शाळासोबती. त्याने देवाला आंघोळ घातली, फुलाच्या ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या आणि हात जोडले. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हा सगळ्या वाड्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार. शांतारामने देवाला उद्देशून सांगणं सुरू केलं, की बाबा महाराजा, हे तुझं लेकरू बाबाजी, गावच्या पोरांना वळण लागावं, टापटीप अंगी यावी, म्हणून तुझ्या पायाशी जागा मागतो आहे, काय ते उत्तर दे.

देवाने काही उत्तर दिलं नाही. उजवी पडेना, डावीही पडेना. कोणीतरी म्हणालं पंखा बंद करा. पंखा बंद केला. कोणी म्हणालं पंखा लावा. लावला. समितीचे लोक घाम पुसत बसले, एकाला डुलकी लागली, बाहेर सर्वेशने दोन वेळा चहा मागवला. पाकळ्या जणू फेविकॉलने लावल्यासारख्या जागच्या जागी. शेवटी शांतारामने मान वळवली.

"बाबाजी, हेतू पुरो सांगलंस मां?"

"म्हणजे?"

"ना, देव असो गप रवता तो अर्धो हेतू सांगल्यारच. मनात आणि काय आसल्यार सांग. हय सगळी आपलीच."

बाबाजींचा चेहरा लालबुंद झाला. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे अर्ज अपुरे म्हणून परत पाठवले त्याचा अर्ज भर देवळात अपुरा ठरत होता, आणि तोही चौथीत तीनदा बसलेल्या शांतारामच्या तोंडून. "माझो हेतू काय तो लिवन दिलेलो आसा," असं म्हणून ते उठले आणि चपला घालून चालू लागले. देवाने निर्णय राखून ठेवला आहे, असं त्यांनी घरी जाऊन सांगितलं. स्वतःलाच, कारण दुसरं कोणी घरात नव्हतं.

पण शिबिर जाहीर झालं होतं. मंडप नाही तर आपला सोपा आहे, असं म्हणून त्यांनी घराच्या सोप्यावर चटया अंथरल्या, पाण्याचा माठ भरला, घड्याळाची वेळ रेडिओशी जुळवली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, शिबिराला एक विद्यार्थिनी हजर झाली. मालतीबाईंची नात जानकी. तिला अजून बोलता येत नव्हतं. "भाऊ, तासभर बघा हा. मी जरा आडवी पडतंय," म्हणत मालतीबाईंनी तिला चटईवर ठेवलं आणि कुंपणातून पसार झाल्या.

बाबाजी कर्तव्याला चुकणारे नव्हते. त्यांनी जानकीपुढे उभं राहून वक्तशीरपणावर भाषण सुरू केलं. जानकीने थोडा वेळ त्यांच्या चष्म्याकडे बघितलं, एक जांभई दिली आणि वक्तशीरपणाच्या दुसऱ्या लाभाशी येईपर्यंत ती झोपून गेली. बाबाजी थांबले. मग हळूच खाली, तिच्या शेजारी चटईवर बसले. तिच्या नाकाचा बारीक आवाज येत होता. घरात आपल्याशिवाय आणखी कोणाचा तरी श्वास चालू आहे, हे कळल्यावर त्यांना एकाएकी इतकं बरं वाटलं की ते घाबरले.

तासाभराने मालतीबाई आल्या. "सोपलां शिबिर?" त्यांनी विचारलं आणि जानकीला कडेवर घेऊन गेल्या. चटईवर एवढीशी ओली जागा राहिली. बाबाजींनी चटया गोळा केल्या, माठातलं पाणी झाडाला घातलं. मग सोप्यावर बसून राहिले. संध्याकाळी दिवा लावायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी ते केरीच्या बसमध्ये होते. निरीक्षणासाठी. आपलं शिबिर का अपुरं पडलं याचा तौलनिक अभ्यास करणं आवश्यक होतं, असं त्यांनी मालतीबाईंना सांगितलं. मालतीबाईंनी मान हलवली आणि परसातला एक पिकलेला कापा फणस गोणीत घालून दिला. "निरीक्षणाक मोकळ्या हातान जावचां न्हय," त्या म्हणाल्या. फणस बसमध्ये सीटवर बसला आणि बाबाजी उभे राहिले, कारण फणस खाली ठेवला की गडगडत ड्रायव्हरकडे जायचा. कंडक्टरने फणसाचंही तिकीट काढायला लावलं. बाबाजींनी त्यावर नियम विचारला, कंडक्टरने वास घ्यायला सांगितला, आणि पुढच्या प्रवाशांनी कंडक्टरची बाजू घेतली.

सुरूच्या बनाला लागून एक कौलारू घर होतं, तिथे शिबिर. अंगणात हाफ पँट घातलेला, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला एक माणूस मुलांबरोबर दोरी ओढत होता. बाबाजींनी त्याला गडी समजून विचारलं, "प्रमुख खय आसत?"

"हय," तो माणूस पँटला हात पुसत म्हणाला. "मी फादर रुझार. तुमी?"

"बाबाजी पालयेकर. निरीक्षणासाठी आयलां." ही ओळख ते बसमध्ये पाठ करत आले होते. फादरनी ती अतिशय गांभीर्याने ऐकून घेतली आणि गोणीकडे बघून विचारलं, "बाबाजीबाब, फणस कापूक येता? हय कोणाकच येना."

म्हणून निरीक्षक बाबाजी पालयेकर हाताला खोबरेल तेल चोपडून जमिनीवर बसले. भोवती मुलांचा घोळका. कोणी गरे मागत होतं, कोणी आठळ्या मोजत होतं, एकाच्या केसांना चीक लागला. कापता कापता त्यांची नजर बनाकडे गेली. काही मुलं किनाऱ्यावरचा कचरा गोळा करून परतत होती आणि त्यांच्यात तनया होती. ती बोलत होती. दोन्ही हात हवेत उडवत, उलटी चालत, मधेच स्वतःच हसत, सारखी बोलत होती. बाबाजींच्या हातातली सुरी थांबली. या मुलीला इतकं बोलता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. कोरगावला ती "हय आजो" आणि "ना आजो" एवढंच बोलायची, आणि मुलगी शांत स्वभावाची आहे असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

"तुमच्या शिबिराचो नेमको उद्देश काय?" त्यांनी फादरना विचारलं. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

फादर गरा चघळत विचार करू लागले. "माहितीपत्रकार बरेच लिवल्यात. खरो एकूच. सांजवेळा आमी वर्तुळ करून बसतंव. एकान सांगूचां, बाकीच्यांनी आयकूचां. मधी कोणी चूक काढूची ना, उपदेश करूचो ना. देव आमचां सगळां आयकता मां? मग आमी एकमेकांचां थोडां तरी आयकूक शिकूचां. इतलोच."

"आणि मागीर प्रार्थना?"

"तीच प्रार्थना, बाबाजीबाब."

ऊन उतरल्यावर वर्तुळ बसलं. पाहुण्यांना आग्रहाने बसवलं. तनया समोरच्या बाजूला होती. तिने आजोबांना बघून डोळे मोठे केले होते, पण वर्तुळात मधे उठायचं नाही असा नियम. एकेक मूल आपलं मागणं सांगायचं आणि बाकीचे सगळे एका सुरात म्हणायचे, "देवा, आमचां आयक." एकाचा कुत्रा आजारी होता. एकीला घरच्यांची भांडणं थांबायला हवी होती. एका मुलाला, दहावीचा निकाल लागेपर्यंत वडिलांची नोकरी लांब कुठेतरी लागावी, असं वाटत होतं. "देवा, आमचां आयक," मुलं म्हणत होती. कोणी हसत नव्हतं.

फिरत फिरत पाळी बाबाजींवर आली. ते उठून उभे राहिले, तेलकट हात जोडले आणि सवयीने सुरुवात केली. "बा देवा, मी कोरगावचो बाबाजी. आजकाल पोरांक वळण ना, मोठ्यांचो मान ना, म्हणान..." इथे त्यांनी भोवती बघितलं. एवढी मुलं तोंडाकडे बघत होती आणि एकही मूल चूक काढत नव्हतं. असा गप बसलेला श्रोता त्यांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते बाहेर येईना. आलं ते भलतंच.

"माका घरात गमना," बाबाजी म्हणाले. "कोण ना बोलूक. नात येवची ना म्हणान राग आयलो, आणि शिबिराचां सोंग केलां. तिणा येतां म्हणान विचारलां तर मीच वेळ ना म्हणान सांगलां. वेळ आसा रे. वेळच आसा."

आणि ते खाली बसले. "देवा, आमचां आयक," सगळी मुलं म्हणाली, जशी त्या कुत्र्यासाठी म्हणाली होती तशीच, आणि पाळी पुढच्या मुलीकडे गेली. आपण जन्मभर झाकलेली गोष्ट जगाने इतक्या सहज ऐकून घेतली, हे बघून बाबाजींना थोडा अपमानही वाटला. तनया मात्र त्या सुरात म्हणाली नव्हती. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती.

जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपलं ताट घासायचं, असा तिथला शिरस्ता. प्रभावतीबाई होत्या तोवर बाबाजींनी कधी ताट उचललं नव्हतं, आणि त्या गेल्यानंतर सकाळी येऊन जाणारी कामाची बाई होती. ते ताट घेऊन नळाशी उभे राहिले तर शेजारी तनया आली. तिने काथ्या आणि राख त्यांच्यासमोर सरकवली.

"आजो, तुका राग येवचो ना तर सांगतां."

"सांग."

"मी तुज्याकडे येतां, तर तू सकाळी शुद्धलेखन दितंस. दुपारी पेपर वाचून घेतंस. सांजेक पाढे. मी काय सांगूक लागल्यार पयलां वाक्य नीट कर म्हणतंस. मागीर काय सांगूचां तां मी विसरतां." ती ताटाकडे बघत बोलत होती. "आजी आसताना मी तिका सांगी. चुलीकडे बसून. तू भायर सोप्यार आसायचंस. आतां घरी मम्मी-डॅडी राती येतत, आणि थयूय कोण ना. माकाय गमना आजो."

बाबाजींनी काथ्या राखेत बुडवला. त्यांनी शिकवलेलं सगळं बरोबर होतं, त्यात चूक एकही नव्हती, आणि त्या निर्दोष घरात ही पोर दरवर्षी महिनाभर गप बसून जात होती. त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी ताट आणखी जोरात घासलं.

"बंगळूरची तिकिटां?" त्यांनी ताटावर पाणी सोडत विचारलं.

"काढली. तू ना म्हटलंस म्हणान डॅडीन माझांय काढलां. मागीर शाळा सुरू. चवथीक येतली मी, गणपतीक."

"चवथ लांब आसा."

"हय."

दोघांची ताटं केव्हाच लख्ख झाली होती. रस्त्यावर शेवटची बस वळून उभी राहिल्याचा आवाज आला. बाबाजी हलले नाहीत.

"आज काय झालां तां सांग," ते म्हणाले. "किनाऱ्यार. तू उलटी चलत काय सांगत होतंस?"

"तां? तां खूप मोठां आसा. आणि वेड्यासारखां आसा."

"आसांदी."

तनयाने सांगायला सुरुवात केली. मारिसाच्या बुटात नांग्या उगारलेली कुर्ली शिरली होती, पण ते शेवटी. आधी बूट कुठे काढला ते, त्याच्याही आधी बूट का घालून आली ते, मधेच कालचं, मग पुन्हा आजचं. कशाचा कशाला पत्ता नव्हता. बाबाजींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. एका मुलाने आपलं खरकटं ताट घासायला आणलं तर बाबाजींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. मग दुसऱ्याचंही. तनयाही बोलता बोलता ताटं ओढून घेऊ लागली. मुलं आधी बिचकली आणि मग आनंदाने रांग लावून ताटं देऊन पळू लागली.

स्वावलंबनाचं हे वाटोळं बघून फादर रुझार लगबगीने नळाकडे आले. ते काहीतरी बोलणार होते. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा हात उडवत बोलणाऱ्या पोरीकडे बघितलं, आणि रस्त्यावर जाऊन बसवाल्याला थांबायला सांगून परत आले. मग स्वतःचं ताटही त्यांनी गुपचूप त्या दोघांसमोर ठेवलं आणि निघून गेले.

बाबाजींनी ते उचललं, राख घेतली आणि नातीकडे वळून विचारलं, "मग? कुर्ली खय गेली?"